मसुदा: हो

गेल्या वर्षी ऑगस्टच्या दुसऱ्या शनिवारी पर्ली मिल्स गावच्या ग्रेंज हॉलसमोर बँगोरहून आलेली एक बस थांबली आणि आतून त्रेचाळीस म्हातारे-म्हाताऱ्या उतरल्या. सगळ्यांच्या पोटात भूक आणि हातात स्वतःचे चमचे. हॉलला कुलूप होतं. मागे व्हर्ना पेल्की एकटीच गवत कापायचं यंत्र फिरवत होती. ग्रेंजचं, म्हणजे गावातल्या शेतकऱ्यांच्या जुन्या मंडळाचं, बीन्सचं जेवण पुढच्या शनिवारी होतं. मंडळाच्या वेबसाइटवर मात्र ह्याच शनिवारची तारीख झळकत होती, आणि ती वेबसाइट सांभाळत होती दस्तुरखुद्द व्हर्ना.

तिने हॉल उघडला, सापडेल तो ब्रेड काढला आणि त्रेचाळीस जणांना शेंगदाण्याच्या लोण्याची सँडविचेस खाऊ घातली. जाताना एका आजोबांनी सँडविच उलटंसुलटं करून विचारलं, "बीन्स वाटून घालता का हो तुम्ही?" व्हर्ना "हो" म्हणाली. काय करणार?

त्या दिवसापासून मंडळाची अध्यक्ष जोसी लेव्हिट हिने नियम केला. वेबसाइटवर नवं काही चढवायच्या आधी अकराच्या अकरा सभासदांनी ते डोळ्यांखालून घालायचं. कच्ची प्रत आधी, पक्की नंतर. हा नियम समजावून सांगायला जोसीने अर्धी सभा घेतली. उरलेल्या अर्ध्या सभेत तिने तो पुन्हा समजावला.

व्हर्नाचं म्हणणं होतं की चूक एकदाच झाली. पण ते मनातल्या मनात. अडुसष्ट वर्षांची ही बाई बत्तीस वर्षं शाळेची बस चालवून निवृत्त झाली होती, आणि तेवढ्या वर्षांत तिने एकही पोर चुकीच्या थांब्यावर उतरवलं नव्हतं. वेबसाइट करायला ती गावच्या वाचनालयात शिकली. काम तसं सोपं होतं. प्रत्येक पान म्हणजे साध्या मजकुराची एक फाईल. सगळ्या फायली तयार झाल्या की एक आज्ञा द्यायची, म्हणजे आख्खी वेबसाइट नव्याने बांधून निघते. एखादं पान अर्धवट असेल तर त्याच्या डोक्यावर एक ओळ घालायची, 'मसुदा: हो'. मग पक्क्या वेबसाइटमध्ये ते पान येत नाही. घरी स्वतःपुरतं पाहायचं असेल तर आज्ञेला एक शेपूट जोडायचं, म्हणजे मसुदेही दिसतात. व्हर्ना घरी रोज तसंच पाहायची. हात त्या शेपटासकटच चालायचा.

आणि मसुदे होतेही भरपूर. त्याला कारण मंडळाचे सभासद. मजकूर वेळेवर द्यायचा नाही, ही पर्ली मिल्सची एकमेव परंपरा जी कुणी मोडली नाही. युनिसकडे पाईची माहिती मागावी तर ती म्हणे, बघते. मर्लकडे बीन्सची कृती मागावी तर तो म्हणे, लिहिण्यासारखं काय आहे त्यात. मग व्हर्ना रिकाम्या जागी स्वतःच्या पदरचं काहीतरी भरायची, नुसती जागा अडवायला. 'युनिस पिंकम यांची ब्लूबेरी पाई: पारी दुकानातली, तोरा घरचा.' 'मर्ल थिबडो यांचे बीन्स इतके गोड असतात की जेवायला मधमाश्याही येतात.' 'सभा संध्याकाळी सात वाजता सुरू होईल. जोसी लेव्हिट बोलायच्या कधी थांबतील ते देवाच्या हाती.' खरा मजकूर आला की नवं पान व्हायचं आणि जुनं तसंच मसुद्यात पडून राहायचं. नऊ वर्षांत असे साठएक साठले होते. व्हर्नाला ते पुसवत नव्हते. एकटीच्या घरात संध्याकाळी वाचून हसायला बरे होते.

त्या साठांत एक पान हसण्यासारखं नव्हतं. ते तिने सगळ्यात आधी लिहिलं होतं.

ते समजायला बीन्स समजायला हवेत. खड्डा खणायचा, दगडांनी मढवायचा, त्यात मेपलची लाकडं जाळून ढोपरभर निखारे करायचे. बीन्स, कांदा, काकवी आणि खारवलेलं डुकराचं मांस घातलेले बिडाचे हंडे त्यात उतरवायचे, वरून पत्रा आणि माती. शुक्रवारी पुरायचं आणि शनिवारी दुपारी चारला उकरायचं. मधल्या वेळात पाळीपाळीने कुणीतरी राखण करायची. मातीला चीर पडून वाफ निघायला लागली की लगेच दोन फावडी माती टाकायची, एवढंच काम. चीर उघडी राहिली तर आत वारा जातो, निखारे भराभर जळून संपतात आणि खड्डा गार पडतो.

एकवीस वर्षं हा खड्डा ऑल्टन क्रॉकेटचा होता. शाळेच्या बसगाड्या दुरुस्त करणारा माणूस, व्हर्नाची बस तर त्याने तिच्याहून जास्त वेळा चालवली असेल. त्याच्या बीन्ससाठी चार गावांतून लोक यायचे. मग नऊ वर्षांपूर्वी एका शनिवारी चारला हंडे उघडले, तर आत खडे. एका बाजूला कच्चे, एका बाजूला करपलेले. सव्वादोनशे माणसं थाळ्या घेऊन उभी, आणि कुणीतरी दुकानातून डबाबंद बीन्स आणायला पळालं. ऑल्टनने हंड्यात बोट घातलं, चाखलं, टोपी काढून पुन्हा घातली आणि म्हणाला, "माझा अंदाज चुकला. लाकूड कमी पडलं. आता हात राहिला नाही." फावडं त्याने मर्लकडे दिलं ते दिलंच. तेव्हापासून तो दरवर्षी जेवणाला यायचा, कोपऱ्यातल्या टेबलावर बसायचा आणि बीन्सला हात न लावता मुकाट लाल सॉसेज खाऊन घरी जायचा.

लाकूड कमी पडलं नव्हतं. पहाटे चार ते सहाची राखण व्हर्नाची होती आणि ती पिकअपमध्ये झोपली होती. सहाला जाग आली तर मातीला हातभर चीर, तीतून वाफ नव्हे, नुसता गारवा. तिने घाईघाईने माती ओढली, थापटली आणि कुणाला काही बोलली नाही. दुपारी चारला बोलू म्हणाली. चारला ऑल्टनने टोपी काढली आणि सांगायचं राहूनच गेलं. त्यानंतर ती खड्ड्याच्या वाटेला गेली नाही. वेबसाइट करते म्हणाली, कांदे चिरते म्हणाली. वेबसाइटचं पहिलं पान म्हणून तिने सगळं खरं लिहून काढलं, वर 'मसुदा: हो' घातलं, आणि दरवर्षी ऑगस्टमध्ये ते उघडून एखादा शब्द इकडचा तिकडे करायची. वरची ओळ बदलायचं धाडस व्हायचं नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची, म्हणायची. मूठ ऑल्टनची रिकामी झाली होती, हे तिला ठाऊक होतं.

तर ह्या वर्षी, जेवणाच्याच आठवड्यात, बुधवारी दुपारी व्हर्नाने सगळी पानं नीट केली. तारीख चार वेळा तपासली. कच्ची प्रत बांधली, सगळ्यांना दिसेल अशा जागी चढवली आणि अकरा जणांना लिंक धाडली. 'नियमाप्रमाणे पाहून घ्या. काही बदल असेल तर शुक्रवारी दुपारी बारापर्यंत कळवा. नंतरची तक्रार मधमाश्यांकडे.' शेवटचं वाक्य तिने का लिहिलं ते तिलाही ठाऊक नाही. मग ती बहिणीकडे जेवायला गेली.

गुरुवारी सकाळी कॉफीचा कप घेऊन तिने स्वतःच ती लिंक उघडली. डावीकडे पानांची यादी असते, एरवी सात ओळींची. आज ती संपेचना. पारी दुकानातली, तोरा घरचा. मधमाश्या. देवाच्या हाती. व्हर्ना खाली खाली गेली आणि शेवटच्या ओळीवर थांबली. 'त्या वर्षी बीन्स का बिघडले.' हात नेहमीसारखा चालला होता, शेपटासकट. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

दोन मिनिटांत तिने मसुदे काढून प्रत पुन्हा बांधली. पण लिंक जाऊन सोळा तास झाले होते. सोळा तासांत पर्ली मिल्समध्ये एखाद्याची म्हैस व्याली असती तरी रेडकाचं नाव चार गावांत पोचलं असतं, आणि तिथे तर म्हशी नाहीतच. व्हर्नाने पिकअप काढली. कुणी काय पाहिलंय ते तोंडावरून कळेल, असा तिचा हिशेब होता.

पहिली भेटली युनिस, टपालकचेरीच्या पायरीवर. पंचाहत्तरीची बाई, पण व्हर्नाला पाहून अशी झपाझप आली की व्हर्नाने गाडीची काच वर घ्यायचा विचार केला.

"थांब गं, थांब! पारी दुकानातली म्हणे!"

"युनिस, ते चुकून..."

"चुकून काय? लिहिलंयस ते लिहिलंयस. पण नीट तरी लिही! पारी मी एकदाच विकत आणली, माझा मनगटाचा सांधा निखळला होता त्या वर्षी. तू असं लिहिलंयस जसं काही मी दरवर्षी आणते. वर्ष घाल पुढे."

"वर्ष घालू?"

"घाल. आणि तोरा घरचा, ते राहू दे. ते माझ्या बहिणीला दाखवायचंय मला."

"बाकीचं वाचलंस का गं? शेवटपर्यंत?"

"बाकीचं कशाला वाचू? माझं नाव शोधलं तेवढं. तिथे शोधायची सोय आहे ना, भिंगासारखं चित्र? जोसीने शिकवलं. दोन ठिकाणी सापडलं. दुसऱ्या ठिकाणी फोटोत मी जाडी दिसते."

व्हर्नाला जरा हायसं वाटलं. पुढे हॉलवर मर्ल हंडे घासत होता. भला थोरला माणूस, कोपरापर्यंत काजळी. त्याने तिला पाहिलं आणि घासणी खाली ठेवली.

"मधमाश्यांचं वाचलं मी," तो म्हणाला.

"मर्ल, मनाला लावून घेऊ नकोस बाबा."

"लावून कसलं? खरंच आल्या होत्या की! पण तू नुसतं 'मधमाश्या' म्हणून मोकळी झालीस. आख्खं मोहोळ होतं, व्हर्ना. पाद्रीबाबा टेबलाखाली शिरले होते. ते घाल ना! लोकांना आवडेल."

"आणि... बाकी काही?"

"बाकी माझ्याबद्दल काही होतं?" मर्लच्या चेहऱ्यावर खरोखरची आशा दिसली. "मी नाव शोधलं तर एवढंच आलं."

जोसीचं तर कौतुकच. ती दारातच घड्याळ घेऊन उभी होती. एका मसुद्यात 'गेल्या सभेत अध्यक्षा चाळीस मिनिटं बोलल्या' असं होतं. तिने आपल्या टिपणांतून वेळ काढून ठेवली होती. अडतीस मिनिटं. दोन मिनिटं मर्लच्या खोकल्याची. ती दुरुस्ती झालीच पाहिजे, आणि का झाली पाहिजे ते सांगायला तिने अकरा मिनिटं घेतली. व्हर्ना मान हलवत ऐकत होती आणि मनात हसू दाटत होतं. काय ही माणसं! आख्खं गाव उघडं पडलं होतं आणि प्रत्येकाने आपापलं नाव तेवढं शोधून यंत्र बंद केलं होतं. ते पान कुणी पाहिलंच नव्हतं. त्यात युनिस नव्हती, मर्ल नव्हता, जोसी नव्हती. त्यात होती फक्त व्हर्ना आणि...

"बरं झालं आठवलं," जोसी म्हणाली. "ऑल्टनचा फोन आला होता काल. अक्षरं मोठी कशी करायची विचारत होता. सांगितलं मी. नाव कसं शोधायचं तेही सांगितलं. किती वर्षांनी त्याने मंडळाच्या कामात लक्ष घातलंय, नाही?"

व्हर्ना किल्ली काढून पिकअपकडे निघाली.

ऑल्टनच्या अंगणात तिने गाडी बंद केली. तो लाकडं रचत होता, पाठ तिच्याकडे. पायरीवर झुकिनीचा, म्हणजे काकडीसारख्या दिसणाऱ्या भोपळ्याचा, ढीग. ऑगस्टमध्ये पर्ली मिल्सला लोक गाडीला कुलूप लावतात ते चोरांच्या भीतीने नव्हे, शेजाऱ्यांनी मागच्या सीटवर आपल्या जास्तीच्या झुकिन्या कोंबू नयेत म्हणून. ऑल्टन ह्या बाबतीत कुप्रसिद्ध होता. व्हर्ना कुलूप लावत नसे. त्याच्या झुकिन्या ती नऊ वर्षं निमूट खात आली होती, एक प्रकारची शिक्षा म्हणून.

ती उतरली. त्याने वळून पाहिलं नाही.

"वाचलंस," ती म्हणाली.

"वाचलं." त्याने एक ओंडका ठेवला. "जोसीने अक्षरं मोठी करायला शिकवलं, लहान करायला शिकवलंच नाही. पडद्यावर एका वेळी तीन शब्द मावत होते. 'पहाटे चार ते.' मग खाली ओढायचं. 'सहा राखण माझी.' मग खाली. मला वाटलं, ही बाई राखणीची गंमत सांगतेय. 'होती आणि मी.' तिथे माझी कॉफी संपली, म्हणून उठलो, दुसरी केली, येऊन बसलो आणि खाली ओढलं."

पुढचे शब्द कोणते ते दोघांना ठाऊक होतं.

"ऑल्टन, मी तेव्हाच सांगणार होते रे. चारला सांगू म्हटलं आणि तू टोपी काढलीस..."

"मी त्या रात्री लाकडं मोजली," तो म्हणाला. आता तो वळला होता. "घरी येऊन. उरलेली मोजली, जाळलेली आठवून आठवून मोजली. हिशेब बरोबर येत होता, आणि मला वाटलं की मला आता मोजताही येत नाही. डॉक्टरकडे गेलो होतो मी, व्हर्ना. डोकं तपासून घ्यायला. तो म्हणाला, बरं आहे. मी म्हटलं, ह्याला काय कळतंय."

व्हर्नाला रडू आलं. तिने ते आवरलं नाही आणि पुसलंही नाही.

"माझं चुकलं," ती म्हणाली. "झोपेचं नाही, झोप कुणालाही लागते. पण नऊ वर्षं मी तुला तसंच राहू दिलं, ते चुकलं. भ्याले मी. तू बोलणं टाकशील म्हणून भ्याले."

"नऊ वर्षं," ऑल्टन म्हणाला, "मी ती लाल सॉसेज खातोय. मला आवडत नाहीत ती. आधीही आवडायची नाहीत."

एवढं बोलून तो पुन्हा लाकडांकडे वळला. व्हर्ना निघाली. पायरीवर एवढा ढीग असून त्याने एकही झुकिनी दिली नाही. ऑगस्टमध्ये ऑल्टन क्रॉकेटच्या अंगणातून माणूस रिकाम्या हाताने परतलं, असं गावात कधी झालं नव्हतं. गाडी चालवताना तिला ते सगळ्यात जास्त लागलं.

घरी येऊन तिने लॅपटॉप उघडला. आता खरं तर काही करायची गरज नव्हती. गावाला कळलं नव्हतं, कळणारही नव्हतं. ऑल्टन सांगत फिरणारा माणूस नव्हे. पण त्याचा हात गेला, असं अजूनही चार गावं म्हणत होती, आणि ते खोटं होतं. कोंबडं झाकून ठेवायला नऊ वर्षं पुरे झाली होती.

तिने ते पान उघडलं. वरच्या ओळीतला 'हो' पुसला आणि 'नाही' लिहिलं. पण एवढ्याने भागणार नव्हतं, हे सकाळच्या फेरीने तिला शिकवलं होतं. उद्या हे पान वेबसाइटवर आलं तरी वाचणार कोण? म्हणून तिने वर एक नवा परिच्छेद घातला.

'युनिस पिंकम, मर्ल थिबडो, जोसी लेव्हिट,' असं करत तिने ऑल्टन सोडून सगळ्यांची नावं लिहिली, 'तुम्ही स्वतःचं नाव शोधत इथवर पोचला आहात, हे मला माहीत आहे. आता आलाच आहात तर पुढचं वाचा. हे ऑल्टन क्रॉकेटबद्दल आहे आणि ते तुम्हाला नऊ वर्षांपूर्वीच कळायला हवं होतं.'

प्रत बांधली. घरी एकदा पाहिली. लिंक पुन्हा धाडली. 'ही दुसरी कच्ची प्रत. ह्या वेळी चुकून नाही. उद्या बारापर्यंत कळवा.'

तासभर काहीच आलं नाही. मग दोन तास. तिने भांडी घासली, घासलेली पुन्हा घासली. सहाच्या सुमाराला पहिलं उत्तर आलं, युनिसचं. 'वाचलं. रागावले आहे. शनिवारी भेटून रागवेन, तेव्हा पाई घेऊन येते. पारी घरची.' मग मर्लचं. 'देवा रे. म्हणजे फावडं ऑल्टनला परत देता येईल? मला बीन्स आवडत नाहीत, व्हर्ना, कधीच आवडले नाहीत. कुणाला सांगू नकोस.' ते त्याने चुकून अकराही जणांना पाठवलं होतं. मग जोसीचं. 'हा विषय पुढच्या सभेत घेऊ. मी थोडक्यात बोलेन.' त्यावर आठ जणांनी लगेच कळवलं की विषय संपलेला आहे आणि सभेची गरज नाही. नऊ वर्षांत मंडळाचं असं एकमत झालेलं व्हर्नाला आठवत नव्हतं.

ऑल्टनचं काही आलं नाही. शुक्रवारी सकाळी आठला नाही, दहाला नाही. साडेअकराला व्हर्नाने पक्क्या प्रतीच्या आज्ञेवर बोट ठेवलं, शेपूट नाही ना ते दोनदा पाहिलं, आणि तेवढ्यात मेल आली. अक्षरं एवढी मोठी की एका ओळीत तीन शब्द.

'बीन्सचं पान पाहिलं. बरोबर आहे. एक चूक राखणीच्या यादीत आहे. चार ते सहाच्या पुढे कुणाचं नाव नाही. तिथे तुझं नाव घाल. मर्लशी बोललो. खड्डा माझा. सहा ते आठ मी आहे. मी येईन तेव्हा मला तू जागी दिसली पाहिजेस.'

व्हर्नाने ती मेल खाली ओढत ओढत पुन्हा एकदा वाचली, तीन तीन शब्द. मग राखणीच्या यादीचं पान उघडलं. चार ते सहाच्या पुढे दरवर्षी ती काहीतरी भरायची. ह्या वर्षी तिथे 'ज्याला झोप नाही आणि लाजही नाही असा कुणीही' असं होतं. ते पुसून तिने स्वतःचं नाव लिहिलं. कच्ची प्रत बांधली आणि पाहिली. व्हर्ना पेल्की, चार ते सहा. ऑल्टन क्रॉकेट, सहा ते आठ. नावं एकाखाली एक होती. तिने तारीख पाहिली, वार पाहिला, आणि बाराला पाच मिनिटं असताना पक्की प्रत चढवली.

मग कपाटावरून गजराची दोन जुनी घड्याळं काढली. दोन्हींतले सेल गेलेले होते. दुकान बाराला उघडं असतं, म्हणून ती किल्ली घेऊन बाहेर आली आणि पिकअपचं दार उघडलं.

सीटवर, सीटखाली आणि ब्रेकच्या पेडलपर्यंत झुकिन्या भरल्या होत्या. त्या सगळ्या पलीकडे ढकलल्या तेव्हा कुठे तिला बसायला जागा झाली.